येवल्याच्या नानखटाईची दुरुस्ती

प्रवासवर्णन लिहिणारी माणसं काशीला, काश्मीरला, फार तर विलायतेला जाऊन आलेली असतात. मी नाशिकहून येवल्याला जाऊन आले. अंतर पन्नास-पंचावन्न मैलांचं, वाटेत ना बर्फाची शिखरं ना समुद्र, आणि गेले तीही देवदर्शनाला नव्हे, एका बाईशी भांडायला. रागाच्या भरात घराबाहेर पाऊल टाकू नये म्हणतात. मी टाकलं. परत आले तेव्हाही राग उतरलेला नव्हता, पण तो दुसऱ्याच माणसावर होता. तो कसा, ते सांगते.

आमच्या महिला मंडळानं गेल्या साली पाककृतींचं एक लहानसं पुस्तक छापलं. कल्पना माझी. पुरणपोळी आणि अनारसे सगळ्यांनाच येतात. तेव्हा आपल्याच जिल्ह्यात निरनिराळ्या समाजांच्या घरी मुलाबाळांसाठी सोपं, रोजचं, आवडीचं काय होतं ते गोळा करू, असं मी सुचवलं. मंडळानं माना डोलावल्या आणि काम अर्थातच माझ्या गळ्यात घातलं. मी वही घेऊन हिंडले. देवळालीला गोव्याकडच्या ख्रिस्ती बाईंकडून चुलीवरचा केक लिहून घेतला, एका पारशी आजींकडून त्यांचा रवा म्हणजे दुधातला शिरा, नामपूरला खापरावरचे मांडे, आणि येवल्याला खातूनबी नावाच्या एका विणकराच्या बायकोकडून नानखटाई. अशी चौदा घरं झाली.

पुस्तक छापायला जाताना चिटणीसबाई म्हणाल्या, नानखटाईवर नाव नको, नुसतं 'एक मुसलमान भगिनी' असं घालू. माझं डोकं फिरलं. ज्या बायका दोन वर्षांपूर्वी खादी नेसून प्रभातफेरीत एकीची गाणी म्हणत गळा काढत होत्या, त्यांना पान एकेचाळीसवर एक मुसलमान नाव सोसेना. तीन बैठका मी भांडले. राजीनाम्याची धमकी दिली. शेवटी 'येवल्याच्या खातूनबी यांची नानखटाई' असं ठळक टाइपात छापून आलं, आणि मी एक प्रत सही करून येवल्याला धाडली. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे कबूल करते.

मार्गशीर्षात येवल्याहून पत्र आलं. खातूनबींच्या मुलीचं, जुबेदाचं. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलीचं अक्षर, वळणदार, एकही खाडाखोड नाही. लिहिलं होतं, 'तुमच्या पुस्तकातून माझ्या आईचं नाव काढा. तिनं तुम्हाला अशी नानखटाई सांगितली नव्हती.' बस, एवढंच. ना नमस्कार ना कुशल.

ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, यातली गत. ज्या नावासाठी मी चारचौघींत वाईटपणा घेतला, तेच नाव काढा म्हणतात! आमचे यजमान वकील. ते म्हणाले, पत्राला पत्रानं उत्तर दे. मी म्हटलं, इतका राग पोस्टकार्डावर मावायचा नाही. शेवटी माझ्या थोरल्या नणंदेला, वन्संना, सोबत घेऊन जायचं ठरलं. वन्सं सतराव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हापासून सोवळ्याओवळ्यात मुरलेल्या. त्यांनी स्वतःचा पाण्याचा तांब्या घेतला, दुधात भिजवलेल्या दशम्या घेतल्या, आणि कुणाशी भांडायला जायचंय ते विचारलंसुद्धा नाही.

लासलगाव

पहिला मुक्काम माझ्या मावसबहिणीकडे, सुशीकडे. तिचे यजमान लासलगावला दवाखाना चालवतात. गावात शिरल्यापासून कांदा सुरू होतो: गाड्यांवर कांदा, वखारींत कांदा, रस्त्यावर उडणारी लाल साल, आणि नाकात वास तर असा की वन्सं नाकाला पदर लावून म्हणाल्या, इथल्या हवेनंच माझं चातुर्मासाचं पुण्य गेलं. चातुर्मास संपून महिना होऊन गेला होता, पण त्यांचा हिशेब त्यांना माहीत.

सुशीनं बाजरीची भाकरी, पातीच्या कांद्याचा झुणका आणि लसणाची चटणी केली होती. नाशिकला आमच्या घरी कांदा आला की मागच्या दारानं येतो आणि वेगळ्या कढईत शिजतो. इथे डॉक्टरांच्या पानात तो बुक्कीनं फोडून वाढतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. वन्संनी दाराकडे तोंड करून दशमी खाल्ली.

जेवण झाल्यावर मी अंगणात आले, तर सुशीच्या दोघी मुली चौकोन आखून लंगडी घालत ठिकरी खेळत होत्या. ठिकरी जरा पिवळट दिसली म्हणून मी उचलून पाहिली. वाटोळी, चपटी, काठाला करपलेली. सुशी मागून येऊन हसायला लागली. म्हणाली, "ताई, ते तुझं पान एकेचाळीस. दिवाळीत केल्या होत्या. परातीत सगळ्या पसरून एकीला एक चिकटल्या. गार झाल्यावर सुरीनं सोडवल्या. पोरी चार दिवस चोखत होत्या, मग खेळायला घेतल्या."

मी विचारलं, लिहिल्याबरहुकूम केल्यास ना? ती म्हणाली, अक्षर न् अक्षर. दोनदा केल्या, दोन्ही वेळा हेच. मग आवाज खाली आणून तिनं तिचा निवाडा दिला. "तुझ्या त्या बाईनं हातचं राखलं बघ. आपली रीत कुणी सगळी सांगतं होय?"

ते मला एकदम पटलं. इतकं पटलं की मलाच कसं सुचलं नाही याचं आश्चर्य वाटलं. आधी अर्धवट सांगायचं, वर नाव काढा म्हणून पत्र पाठवायचं! मी त्यांतली एक खटाई पुरावा म्हणून रुमालात बांधून घेतली. रात्री झोपताना मनात वाक्यं जुळवत होते आणि ती मला फार छान जमत होती.

विंचूरचा रस्ता

लासलगावहून येवल्याला सर्व्हिस मोटार जाते. जाते म्हणजे भरली की जाते, आणि भरली हे ठरवणारा ड्रायव्हर. आमच्या पायांशी दोन कांद्याची पोती आणि एक करडू होतं. विंचूरच्या अलीकडे टायर फुटला. ड्रायव्हरनं खाली उतरून टायरकडे पाहिलं, मग आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू तो आम्हीच फोडला. मी त्याला बोलायचं ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमी रागावल्यानं हवा भरत नाय." उतारू हसले. मी जाऊन बाभळीखाली बसले.

असं रिकामं बसलं की नको ते आठवतं. मला नामपूरची मांडे करणारी म्हातारी आठवली. त्या बागलाणातल्या बायका मांडा पोळपाटावर लाटत नाहीत. हातावर झेलत झेलत धोतरासारखा पातळ करतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. पाहत राहावं असं काम. मी मात्र बाहेर खाटेवर बसून लांबूनच पाहत होते. म्हातारीनं पहिला मांडा गरम गरम माझ्यापुढे केला, तर मी म्हटलं, आज माझा उपास आहे. ती म्हणाली, "उपास शे तर लिखीसन काय करशी, माय? चव लिखता येस का?"

उपास नव्हता. एकादशी होऊन चार दिवस झाले होते. तिच्या घरचं खायचं नव्हतं, एवढंच. आणि ते वाक्य मी परत आल्यावर मंडळात नक्कल करून सांगितलं होतं, सगळ्या पोट धरून हसल्या होत्या. बाभळीखाली मला ते हसू काही आठवायचं नव्हतं, म्हणून मी पुन्हा खातूनबीवर रागवायला लागले. टायर लागायला दीड तास गेला.

येवला

विणकरांच्या गल्लीत पत्ता विचारावा लागत नाही, कान द्यावा लागतो. प्रत्येक घरातून मागाची खटखट येते, आणि प्रत्येकाची लय निराळी. खातूनबींच्या घरी पुढच्या खोलीत माग, त्यावर चढलेली मोरपंखी पैठणी, खड्ड्यात पाय सोडून बसलेले त्यांचे यजमान. बाजूनं बोळ, मग अंगण, आणि अंगणापलीकडे चुलीची खोली. गेल्या साली मी ह्याच अंगणात बाजेवर बसले होते. आताही तीच बाज होती. जुबेदानं दार उघडलं. गेल्या साली तिनं माझी वही कौतुकानं हाताळली होती. या खेपेला ती नुसती बाजूला झाली. वन्सं माझ्यामागून आल्या आणि बोळाच्या तोंडाशीच थांबल्या.

मी बसलेसुद्धा नाही. रुमाल सोडला, खटाई बाजेवर आपटली, आणि लासलगावला जुळवलेली सगळी वाक्यं एका दमात बोलून टाकली: मी मंडळात कशी भांडले, किती बोलणी खाल्ली, नाव कसं छापून आणलं. आणि शेवटी म्हटलं, एवढं करून तुम्ही हातचं राखलंत.

मागाची खटखट थांबली. खातूनबी पदराला हात पुसत चुलीच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. चाळिशीची, उंच, कमी बोलणारी बाई. त्यांनी ती खटाई उचलली, नखानं खरवडून पाहिली आणि परत ठेवली.

"आमच्या धंद्यात राखत्यात, बाई," त्या म्हणाल्या. "पैठणीवरच्या बुट्टीचा नमुना शेजारच्याला दावत नाय कुनी. पन खायाच्या चिजेत राखून काय करायचं? उद्या मी मेल्यावर ती कबरीत खायाची हाय का मला?"

मग जुबेदा बोलली, आणि तिला जे सांगायचं होतं ते पत्रात का लिहिलं नाही ते मला कळलं. तिनं पुस्तक शाळेत नेलं होतं. आईचं नाव छापून आलेलं, सगळ्यांना दाखवायला. शाळेच्या बाईंनी हौसेनं मुलींकडून नानखटाई करून घेतली, आणि त्या दगडांचं ताट समोर ठेवून भर वर्गात तिला म्हणाल्या, तुझ्या आईनं खोटी रीत सांगून मंडळाला फसवलं. गल्लीत बातमी पसरली. ईदेला, साखरपुड्याला ज्या बायका खातूनबींकडून शिकून घ्यायला यायच्या, त्या आता म्हणत होत्या, आम्हालासुद्धा खरं सांगितलं कशावरून? जुबेदा पंधरा दिवस शाळेत गेली नव्हती.

खातूनबी तिला म्हणाल्या, वाच. जुबेदानं पान एकेचाळीस काढलं आणि मोठ्यानं वाचलं, 'प्रथम तूप पातळ करून घ्यावे.'

"हे मी सांगितलं?" खातूनबींनी मला विचारलं.

मी पिशवीतून मूळ वही काढली. तिथे लिहिलं होतं, 'तूप एक वाटी'. पुढे, वेगळ्या शाईत, 'पातळ करून'. ती शाई माझ्या घरच्या दौतीची. नाशिकला बसून मजकूर नीटनेटका करताना मीच ते घातलं होतं. तूप म्हणजे पातळ करायचं, त्यात विचारायचं काय, बेसनाला नाही का आपण करत.

"त्या दिशी तुमी कुठं बसला व्हता?"

मी म्हटलं, इथेच.

"आन तूप कुठं व्हतं?"

त्यांनी मागं पाहिलं. तूप चुलीच्या खोलीत होतं. उंबऱ्याच्या आत.

त्यांनी जुबेदाला खूण केली. ती आत गेली आणि थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. सर्र, सर्र, सर्र. परातीवर काहीतरी घासल्याचा, एका लयीतला. तो आवाज मी ओळखला. गेल्या सालीही तो येत होता. मी बाहेर बाजेवर बसून लिहीत होते, आणि मनात म्हणत होते की काय ही माणसं, पाहुणी बसली आहे आणि पोरगी आत भांडी घासतेय.

ती भांडी घासत नव्हती. थंडीनं गोठलेलं तूप परातीत घेऊन ती तळहातानं फेसत होती.

आता सगळंच सांगायचं तर हेही सांगते, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या साली खातूनबींनी मला केळीच्या पानात आठ-दहा खटाया बांधून दिल्या होत्या. मी त्या गल्लीच्या टोकाला टांगेवाल्याला देऊन टाकल्या. एकही तोंडात घातली नाही. त्यामुळे ती नानखटाई कशी असते, कशी फुटते, कशी विरघळते, मला माहीतच नव्हतं. माहीत असतं, तर घरी करून पाहिल्यावर चूक कळली असती. पण मी घरीही करून पाहिली नव्हती. देवळाच्या दाराशी अडवलेल्या अस्पृश्यांच्या बाजूनं मी मंडळात तावातावानं भाषण केलं होतं. आणि इथे दार सताड उघडं असून मी आपल्या पायांनी बाहेर बसले होते. मला माझीच इतकी चीड आली की समोर कुणी दुसरी असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं.

"उठा," खातूनबी म्हणाल्या. "आत या. बाहेरनं परत लिवून नेऊ नका."

मागून वन्संचा आवाज आला, "अगं." मी उंबरा ओलांडला.

खोली आमच्या स्वयंपाकघराहून लहान आणि, सांगायला लाज वाटते, जास्त स्वच्छ. त्यांनी माझ्यापुढे दुसरी परात ठेवली. गोठलेलं तूप आधी वाळूसारखं रवाळ लागतं आणि हाताला ओरखडतं. तळहातानं एकाच दिशेनं घासत राहायचं. माझा खांदा भरून आला तरी आवाज काही थांबेना. खातूनबी म्हणाल्या, आवाज चालू हाय तवर थांबायचं नाय. मग हळूहळू रवा मोडला, आवाज विरत विरत बंद झाला, आणि परातीत पांढरं, हलकं, लोण्यासारखं काहीतरी फुगून बसलं. ते तूप आहे हे मला शपथेवर खरं वाटलं नसतं. त्यात खातूनबींनी आधीच वास लावून ठेवलेली पिठीसाखर, मग मैदा, मूठभर रवा, चिमूटभर मीठ. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. तव्यावर थाळी, थाळीत खटाया बोटभर अंतरानं, वर परात पालथी आणि परातीवर निखारे. वर जास्त, खाली कमी. निखाऱ्यांचा हा भाग पुस्तकात बरोबर छापला आहे. तो गेल्या साली अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर झाला होता.

पहिली खटाई त्यांनी माझ्या हातावर ठेवली. वर तडा गेलेली, कडेला बदामी, मधे पांढुरकी. मी ती दातांनी तोडायला गेले तर दात लागेचनात, ती आपणहून विरून गेली. मी तीन खाल्ल्या. चौथी खातूनबींनीच दिली, चहाबरोबर.

मी विचारलं, नाव काढू का?

"नाव ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पन चूक कुनाची ते छापा. माझ्या पोरीला भरल्या वर्गात बोलल्यात."

रात्री आम्ही देवळाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. सकाळी मी जुबेदाला घेऊन तिच्या शाळेत गेले आणि त्याच वर्गात उभी राहून सांगितलं की हिच्या आईनं खरं सांगितलं होतं, मीच आत न जाता लिहिलं. शाळेच्या बाई मला सावरायला म्हणाल्या, छापखान्याची चूक झाली असेल हो. मी म्हटलं, छापखान्यानं मी लिहिलं तेच छापलं. जुबेदा आपल्या जागेवर जाऊन बसली. माझ्याकडे पाहून ती हसलीबिसली नाही, आणि ते रास्तच होतं.

परतीची गाडी

जाताना मोटारीनं जीव नकोसा केला होता म्हणून परत मनमाडवरून आगगाडीनं आलो. माझ्या मांडीवर खटायांचा डबा होता. वन्सं डब्यापासून हातभर लांब बसल्या होत्या. ओढा स्टेशन मागे गेल्यावर त्या म्हणाल्या, "दाखव तरी."

मी डबा उघडला. त्यांनी हात लावला नाही, नुसत्या वाकल्या, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाल्या, "यात जायफळ आहे गं. वेलदोडा नाही. तू पुस्तकात वेलदोडा लिहिलायस."

म्हणजे आणखी एक. गेल्या साली खातूनबी आतून काय म्हणाल्या ते मला नीट ऐकू आलं नव्हतं, आणि गोडात वेलदोडाच असायचा, हे मी धरून चालले होते. ज्या बाईनं सतराव्या वर्षापासून बाहेरचा कण तोंडात घातलेला नाही, तिनं नुसत्या वासानं जे ओळखलं, ते मी केळीच्या पानाची गाठसुद्धा न सोडता लिहून मोकळी झाले होते. मला पुन्हा राग आला. ह्या नाकाला, ह्या जिभेला तीस वर्षं दशम्यांवर ठेवणाऱ्या आपल्या सगळ्या गोतावळ्याचा राग आला. मी डबा त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी झाकण लावून तो परत माझ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

नाशिक

घरी मी काही लपवलं नाही. सासूबाईंनी आठ दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. ते मी सोसलं. मंडळात झालं ते मात्र सोसत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी बैठकीत मागणी केली की पुस्तकात दुरुस्तीची चिठ्ठी घाला: 'ही कृती लिहिणारी उंबऱ्याबाहेर बसली होती व तिनं पदार्थ चाखला नव्हता. चूक तिची आहे.' चिटणीसबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि आठवड्यानं चिठ्ठी छापून आणली. तीवर होतं, 'मुद्रणदोष. पातळ करून याऐवजी फेसून असे वाचावे.'

मी म्हटलं, तो बिचारा खिळे जुळवणारा काय म्हणेल? त्यावर एक बाई म्हणाल्या, खाल्लं नाही म्हणावं तर पुस्तक खोटं ठरतं, आणि नंतर जाऊन खाल्लं म्हणावं तर मंडळ बाटतं. तेव्हा मधलं काहीतरी काढायला नको का? सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. मागल्या साली मी राजीनाम्याची धमकी दिली होती. या साली राजीनामा दिला.

म्हणून मंडळाची चिठ्ठी बाजूला ठेवा, आणि ज्यांच्या घरी ते पुस्तक असेल त्यांनी एवढं करा. पान एकेचाळीस काढा. 'पातळ करून' वर काट मारा. तिथे लिहा: तूप एक वाटी, गोठलेलं, परातीत तळहातानं एकाच दिशेनं फेसावं, आवाज बंद होईपर्यंत. पिठीसाखर एक वाटी, मैदा दोन वाट्या, रवा मूठभर, मीठ चिमूटभर. वेलदोडा खोडून जायफळ लिहा. खातूनबींचं नाव आहे तसंच राहू द्या आणि त्याखाली लिहा की चूक नाशिकच्या बाईची होती. बाकीच्या तेरा कृतींपैकी एकही मी चाखलेली नाही. देवळालीचा केक कुणाचा बिघडला असेल, तर त्या बाईंना दोष देऊ नका.

आणि खातूनबींच्या घरी आत बसून मी खाल्लं हे वाचून ज्यांना विटाळ झाल्यासारखं वाटलं असेल, त्यांनी नानखटाईच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी खुशाल बेसनाचे लाडू वळावेत. त्यांना तूप पातळच लागतं.